दहा पावलं अलीकडे

आमच्या पर्वताच्या माथ्यावर कुणी पाय ठेवत नाही. माथा देवाचा, बाकी सगळं माणसांचं, अशी जुनी वाटणी आहे. माणसाने माथ्याच्या दहा पावलं अलीकडे थांबायचं. तिथे लाल दोरी बांधलेली असते. दोरीला हात लावायचा, फोटो काढायचा, रडायचं असेल तर रडून घ्यायचं आणि गुमान खाली यायचं. ही दोरी माझे सासरे बांधायचे. हंगामाच्या आधी वर जाऊन बांधायची, हंगाम संपला की सोडून आणायची, एकोणचाळीस वर्षं हेच. गाव त्यांना दोरीवाले म्हणतं, मी मामंजी म्हणते, आणि रागावले असेन तर काहीच म्हणत नाही, नुसती भांडी आपटते.

रडायचं असेल तर, असं मी उगाच म्हटलं. सगळेच रडतात. मी पायथ्याच्या शेवटच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवते. तंबूच्या चेन, सॅकचे पट्टे, फाटकी जॅकेटं, तुटकी बकलं. वर जाणारा प्रत्येक जण जाताना नाही तर येताना माझ्याकडे येतोच, आणि काम होईपर्यंत बाकावर बसून मला सांगतो की पर्वताने त्याला बोलावलं. बँकेतला मॅनेजर असतो, दातांचा डॉक्टर असतो, नुकतंच लग्न मोडलेली मुलगी असते, सगळ्यांना पर्वताने बोलावलेलं असतं. या पर्वताला मी जन्मापासून ओळखते. त्याने कुणाला हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. पण गिऱ्हाइकाला असं तोंडावर बोलायचं नसतं, म्हणून मी मान डोलावते आणि दोऱ्याला मेण लावते.

आता खरं सांगायचं तर सकाळी दुकान उघडताना त्या पांढऱ्या टोकावर ऊन पडलेलं दिसलं की माझाही हात कुलपावर थांबतो. तेवढ्यापुरती मीही बँकेतला मॅनेजर होते. हे मी दुकानात कुणाला कळू देत नाही.

आमचे हे परवाना कचेरीत आहेत. दोरीपर्यंत जाऊन आलेल्याला दाखला मिळतो, त्यावर शिक्का हे मारतात. स्वतः कधी वर गेले नाहीत, कारण दुसऱ्या तळाच्या पुढे त्यांचं डोकं ठणकतं. पण सरळमार्गी इतके की शिक्का किंचित तिरका बसला तरी दाखला फाडून नवा लिहितात. थोडक्यात, वडिलांनी दोरी बांधायची, मुलाने शिक्का मारायचा, सुनेने चेन बसवायची. देव सोडला तर पर्वताचा सगळा कारभार आमच्याच घरात.

त्या वर्षी मामंजींचा शेवटचा हंगाम होता. कचेरी त्यांना निरोप देणार होती. हॉल ठरला होता, साहेबांचं भाषण ह्यांनीच रात्री जागून लिहून दिलं होतं, आणि मामंजी आरशासमोर नम्र चेहरा करायचा सराव करत होते. पुढच्या वर्षापासून दोरी मी बांधायची असं ठरलं होतं, कारण ह्यांचं डोकं ठणकतं आणि घरात तिसरं कुणी नाही. निरोपाला आठ दिवस राहिले असताना भूगोलाच्या बाई दुकानात आल्या.

त्या भूगोलाच्या आहेत हे मला नंतर कळलं, पण बाई आहेत हे दारातच कळलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या बाकाखालचा पसारा पाहिला आणि मी नकळत तो पायाने आत सारला. वय अठ्ठावन्न-साठ. नाक उन्हाने सोललेलं. सॅकचा एक पट्टा मुळापासून उपटलेला.

“हा शिवून हवाय,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या पर्वतात चूक आहे.”

“पट्टा कसा तुटला?”

“रागाने ओढला. दोरीपाशी.”

मग त्यांनी वहीत जपून ठेवलेला एक जुना फोटो काउंटरवर ठेवला. दोन वेण्या घातलेली मुलगी लाल दोरीला धरून हसते आहे आणि तिच्या मागे, दोरीच्या पलीकडच्या अंगाला, बसलेल्या म्हशीएवढा काळा खडक आहे. मधोमध चीर गेलेला. फोटोच्या मागे मोत्यासारख्या अक्षरात तारीख आणि उंची लिहिलेली. एकतीस वर्षांपूर्वीची.

“ही मी. ही दोरी. हा खडक,” बाई एकेकावर बोट ठेवत म्हणाल्या. “काल मी दोरीपाशी उभी होते. खडक नाही. आणि घड्याळात उंची एकसष्ट मीटर कमी.”

याचं उत्तर ह्यांनी मला केव्हाच पढवून ठेवलेलं होतं, कारण दरवर्षी दोन-चार जण उंचीवरून कुरकुर करतातच. “घड्याळं थंडीत चुकतात हो. हवेच्या दाबाचा फरक.”

“मी तेहतीस वर्षं हवेचा दाब शिकवला.”

“मग खडकावर बर्फ साचला असेल.”

“खडक बुडेल इतका बर्फ त्या धारेवर वारा टिकू देत नाही.”

“मग पर्वतच वाढला असेल.”

“पर्वत वाढला तर उंची वाढेल. कमी कशी होईल?”

भूगोलात मी काठावर पास झाले होते, ते काही उगाच नाही. मी दोऱ्याला मेण लावायला घेतलं. बाई मात्र माझ्या भिंतीकडे बघायला लागल्या. गिऱ्हाइकं घरी पोहोचली की दोरीपाशी काढलेला फोटो पाठवतात, आणि मी ते वर्षावार ओळीने चिकटवते. भिंत भरलेली दिसली की नवं गिऱ्हाईक खूश होतं, एवढाच हेतू. बाईंनी नकाशावर फिरवावं तसं त्या ओळीवरून बोट फिरवलं. चौदा वर्षांपूर्वीच्या फोटोत म्हैस पूर्ण होती. दोन वर्षांनी तिची पाठच दिसत होती. मग नुसता एक कोपरा. मग सात-आठ वर्षं निव्वळ आकाश, आणि त्या आकाशापुढे रडणारी माणसं.

ती भिंत मी रोज झाडते. रोज. आणि मला एकदाही दिसलं नव्हतं. आणि चौदा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला पक्कं आठवत होतं. चौदा वर्षांपूर्वी मामंजींचे गुडघे दुखायला लागले होते.

“दोरी कोण बांधतं?” बाईंनी विचारलं.

“माझे सासरे.”

“दाखले कोण देतं?”

“माझा नवरा.”

“वा,” बाई म्हणाल्या. “पट्टा किती वेळात होईल? मला कचेरीत जायचंय. चूक ती चूक. लेखी द्यायला हवी.”

बाई कचेरीत गेल्या की काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. आमचे हे अर्ज वाचणार, पांढरेफटक पडणार, आणि मग बापाला वाचवायचं सोडून चौदा वर्षांतल्या प्रत्येक दाखलेवाल्याला पत्त्यासकट माफीचं पत्र पाठवायला बसणार. मामंजी निरोपाऐवजी चौकशीला उभे राहणार. एकोणचाळीस वर्षं वारा खाऊन म्हाताऱ्याने एक नाव कमावलेलं, ते आठ दिवसांसाठी जायचं. म्हणून मी म्हटलं, वेळ लागेल, बाई. पट्टा मुळापासून गेलाय, आतलं अस्तर उसवावं लागेल, सॅक पूर्ण रिकामी करावी लागेल. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

“मी करते रिकामी,” त्या घाईने म्हणाल्या.

पण तोवर माझा हात आत गेला होता. माणूस सांगतो एक आणि त्याची सॅक सांगते दुसरं, हे मला वीस वर्षांत कळलेलं आहे. पाण्याची बाटली, मोजे, औषधांचा डबा, आणि तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक वीतभर कानस. सोबत तारेचा ब्रश. लोहाराकडे असतो तसा.

“बाई, पर्वतावर कानस कशाला?”

बाईंचा चेहरा असा झाला की मला एकदम त्यांच्या वर्गातल्या सगळ्या पोरांचा सूड उगवल्यासारखं वाटलं. त्या बाकावर बसल्या. मी चहा पुढे केला. अर्धा कप संपला.

“त्या खडकावर नाव आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

“कुणाचं?”

“माझं.”

“एकटीचं?”

“नाही.”

“मध्ये बदाम?”

“बदाम नाही. अधिकचं चिन्ह,” बाई कडक आवाजात म्हणाल्या. “आम्ही दहाजण आलो होतो. बाकीचे पुढे उतरले. दोरी ओलांडून आम्ही दोघं खडकापाशी गेलो. त्याच्याकडे तंबूचा खिळा होता.”

पवित्र पर्वत, दोरीच्या पलीकडे, आणि खिळ्याने कोरलेलं. मी हिशेब मनातच ठेवला. “मग? लग्न झालं?”

“झालं. त्याचं. माझ्या धाकट्या बहिणीशी.”

मी हातातली सुई खाली ठेवली. अशा वेळी सुई हातात असू नये.

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? आमचं काही ठरलं नव्हतं. खडकावर लिहिलं होतं फक्त. तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला, मी पत्राची वाट बघत बसले, तो म्हणतो तो माझ्या पत्राची वाट बघत होता. मग दोन वर्षांनी घरच्यांनी स्थळ आणलं ते बहिणीला. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, असं मी सांगितलं.” बाईंनी कप खाली ठेवला. “माझी बहीण चांगली आहे. त्यांचा संसार चांगला आहे. तिला यातलं काही माहीत नाही. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. आणि आता त्यांच्या मुलाला डोंगरांचं वेड लागलंय. पुढच्या हंगामात तो इथे येणार आहे. दोरीपाशी उभा राहून तो फोटो काढणार, आणि मागे खडकावर त्याच्या बापाचं नाव, अधिक मावशी.”

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा कसा होतो ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. बाईंनाही कळलं असावं. “हस,” त्या म्हणाल्या. “मीच हसले असते.”

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. भूगोलात नापास होता होता वाचलेल्या डोक्यात.

“बाई, तुम्ही तक्रार दिलीत तर दोरी कुठे जाईल?”

“जिथे असायला हवी तिथे.”

“म्हणजे खडकापाशी.”

“अर्थात.”

“आणि आत्ता दोरी आहे तिथून खडक दिसत नाही.”

बाई एका क्षणात समजल्या. शिकवलेलं लगेच समजतं असे विद्यार्थी त्यांना आयुष्यात फार भेटले नसतील, पण त्या स्वतः तशाच होत्या. त्यांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ माझ्या सासऱ्यांच्या पापाकडे नव्या नजरेने पाहिलं.

“तुझ्या सासऱ्यांना मला भेटायचंय,” त्या म्हणाल्या.

मामंजी अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. हे हॉलच्या खुर्च्या मोजायला गेले होते, ते बरंच झालं. मी मामंजींपुढे भिंतीवरचे पाच फोटो ओळीने मांडले. त्यांनी ते नीट पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, “फोटो छान चिकटवतेस तू.”

“मामंजी.”

“पहिल्या वर्षी दोनच पावलं होती गं,” ते म्हणाले. पकडले गेल्यावर मामंजी कधी वेळ घालवत नाहीत, हा त्यांचा गुण आहे. “गुडघा उचलेचना. म्हटलं, देवाने समजून घ्यावं. दुसऱ्या वर्षी तिथून आणखी पाच. मग एकदा धुकं होतं. मग एकदा धुकं नव्हतं, पण असतं तर, असं धरून चाललो.”

“आणि कुणालाच कळलं नाही?”

“गाइड लोकांना कळलं की. पण तासभर आधी परत फिरायला मिळत असेल तर कोण बोलतंय? आणि येणारे तर काय, दोरी दिसली की त्यांचे डोळे भरलेले. भरल्या डोळ्यांना खडक दिसतो होय?” मग त्यांनी बाईंकडे वळून हात जोडले. “कागदात दहा पावलं लिहिलंय. कुणाची पावलं ते लिहिलेलं नाही. देवाची पावलं मोठी असतील.”

“तुम्ही पवित्र पर्वत एकसष्ट मीटर कमी केलात,” बाई म्हणाल्या.

“आणि तुम्ही?” मामंजींनी विचारलं. कारण फोटो मांडता मांडता मी त्यांच्या कानात सगळं सांगून टाकलं होतं. मला काही पोटात ठेवता येत नाही.

“मी फक्त एका खडकावर लिहिलं.”

“खिळ्याने.”

“तुमचे चौदा वर्षांचे दाखले खोटे आहेत.”

“तुमचं अधिकचं चिन्ह तरी कुठे खरं ठरलं?”

दोघंही ताठ बसले होते. मला वाटलं आता भांडण जुंपणार. पण मामंजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि बाईंनी रुमाल तोंडाला लावला, आणि मग ते दोन म्हातारे जीव अंगणात असे हसले की शेजारीण कुंपणावरून वाकून बघायला लागली. मी तिला सांगितलं, गुडघ्याच्या तेलाचा वास चढलाय.

ठरलं असं की बाई काही लिहून देणार नाहीत. चार दिवसांनी मामंजी दोरी सोडायला वर जाणार होते आणि मी काम शिकायला सोबत जाणार होते. बाईंनी आमच्याबरोबर यायचं, दोरीच्या पलीकडे जायचं, कानस चालवायची आणि परत फिरायचं. ह्यांना सांगितलं की बाई निरोपासाठी माहिती गोळा करताहेत. ह्यांनी त्यांना भाषणाची प्रत दिली.

दोन दिवस चढलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरीपाशी पोहोचलो तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं आणि मामंजींचे ओठ निळे पडले होते. दोरीच्या अलीकडचा भाग पाहून मला लाज वाटली. चॉकलेटचे कागद, एक हातमोजा, बिस्किटाचं रिकामं पाकीट, कुणाच्या तरी कंपनीचा झेंडा. एवढ्या लांबून पर्वताने बोलावलेल्या माणसांनी देवाच्या दारात येऊन हे केलं होतं. दोरीच्या पलीकडे मात्र काही नव्हतं. चौदा वर्षांचा कोरा बर्फ.

“वर कागद उडत नाहीत,” मामंजी म्हणाले. “पहिल्यांदा गुडघ्यांसाठी दोरी खाली आणली. नंतर हे लक्षात आलं. मग गुडघे बरे असते तरी मी पुन्हा वर नेली नसती.”

“खरंच?”

“बरे झालेच नाहीत, त्यामुळे सांगता येत नाही.” ते माथ्याकडे पाठ करून दगडावर बसले. “जा तुम्ही. मी बघत नाही. बघितलं नाही त्याचं मला विचारायचं नाही.”

दोरीखालून मी वाकून पलीकडे गेले. दुकानात मी कितीही टोमणे मारत असले तरी त्या बर्फावर पहिलं पाऊल टाकताना मी मनात तीनदा माफी मागितली. माथा हळूहळू वर येत होता. तो इतका जवळून मी कधी पाहिला नव्हता. पांढरा, साधा, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या खांद्यासारखा. मला रडू आलं. लिहायला हरकत नाही, आता कोण बघतंय.

खडक होता. चीरही होती. बाई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या, हातमोजा काढला आणि बोटांनी चाचपू लागल्या. मी कानस काढून तयार ठेवली. बाईंचं बोट इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं. मग त्यांनी ब्रशने बर्फ झाडला. मग पुन्हा बोट.

“नाहीये,” त्या म्हणाल्या.

“दुसऱ्या बाजूला असेल.”

“याच बाजूला होतं. इथे. पापुद्रा निघून गेलाय.” त्यांनी पायाशी पडलेली दगडाची एक पातळ कपची उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. तिच्यावरही काही नव्हतं. “विदारण. फटीत पाणी जातं, गोठतं, फुगतं, खडक सुटतो. सातवीचा धडा. तेहतीस वर्षं शिकवला मी. विश्वास आज बसला.”

“मग बरंच झालं की, बाई. काम वाचलं.”

मी पाहिलं तर त्या रडत होत्या. वर येऊन सगळे रडतात तसं नाही. घरी बादली भरता भरता नळ बंद करून एखादी बाई रडते ना, तसं. “पुसायलाच आले होते मी,” त्या म्हणाल्या. “पण मला पुसायचं होतं. आपोआप जायला नको होतं.”

त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला कळेना. थोड्या वेळाने बाईंनी डोळे पुसले, हात पुढे केला आणि म्हणाल्या, “कानस दे. आणि तू जरा माथ्याकडे बघ.”

“कशाला?”

“नमस्कार कर. पुन्हा कधी येणार आहेस इतक्या जवळ?”

मी पाठ फिरवली. घरचं वळण, दुसरं काय. माथ्याला नमस्कार केला आणि डोळे मिटून उभी राहिले. मागून आवाज येत होता. आता मी दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य काढलेलं आहे. कानस घासल्याचा आवाज मला झोपेत ओळखू येतो. तो लांब असतो, एकसारखा. हा आवाज तुटक होता. टक, टक, टक, कानशीच्या मागच्या टोकाने ठोकल्यासारखा. मध्ये एकदा थांबला, मग एक आडवी रेघ, एक उभी रेघ.

मी पर्वताची होणारी दोरीवाली होते. तिथल्या तिथे त्यांचा हात धरायला हवा होता. मी नमस्कार लांबवला.

निरोप थाटात झाला. साहेबांनी ह्यांनी लिहिलेलं वाचलं की दोरीवाले एकोणचाळीस वर्षांत आपल्या जागेवरून तसूभरही ढळले नाहीत. सगळ्यात जोरात टाळ्या पहिल्या रांगेतल्या भूगोलाच्या बाईंनी वाजवल्या. मामंजींनी आरशातला नम्र चेहरा केला, पण तो त्यांना मध्येच सोडून गेला आणि त्यांना भाषणभर खोकला आल्याचं नाटक करावं लागलं. जाताना बाई दुकानात आल्या, सॅकचा पट्टा ओढून पाहिला आणि विचारलं, “पुढच्या वर्षी कुठे बांधशील?” मी म्हटलं, वर गेल्यावर बघू. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. निकालाच्या दिवशी पोरं त्यांच्याकडे जशी बघत असतील तशा.

त्या बघण्याने मला वर्षभर छळलं. दोरी जागेवर नेली तर भाचा खडकापुढे उभा राहणार, आणि आता तर अक्षरं ताजी. नेली नाही तर मी खोटी. ह्यांना विचारायची सोय नव्हती. निघायच्या दिवशी मामंजींनाच विचारलं. ते म्हणाले, “तुझे गुडघे, तुझी दोरी.”

मग मी एकटी वर गेले. मामंजींच्या जुन्या जागी हातोडी घेऊन उभी राहिले. हवा स्वच्छ, अंगात दम, अर्ध्या तासात खडकापर्यंत जाता आलं असतं. मी तिथून मोबाइल काढून वरच्या दिशेने धरला आणि चित्र मोठं करून पाहिलं. खडकाचा एक कान दिसत होता. आजकालच्या मोबाइलला फार लांबचं दिसतं. मी बारा पावलं खाली उतरले, पुन्हा पाहिलं, नुसतं आकाश होतं. तिथे खुंट्या ठोकल्या. माझे गुडघे अगदी ठणठणीत आहेत.

भाचा हंगामाच्या मध्यावर आला. उंच, हसरा, नाक मावशीसारखंच सोललेलं. वरून उतरला तो थेट माझ्याकडे, तंबूची चेन घेऊन. बाकावर बसून म्हणाला की पर्वताने त्याला बोलावलं होतं. मी मान डोलावली. दोरीला हात लावल्यावर रडू कसं फुटलं, तेही त्याने सांगितलं. दाखला दाखवला. शिक्का अगदी सरळ बसला होता.

“पण एक राहिलं,” तो म्हणाला. “माझे बाबा तरुणपणी इथे आले होते. त्याबद्दल कधी बोलत नाहीत. पण या वेळी मला सोडायला स्टँडवर आले आणि गाडी सुटता सुटता म्हणाले, दोरीपाशी एक खडक असायचा, अजून आहे का बघ. मी बघितलं, मला तर दिसला नाही.”

माझी सुई चेनमध्येच थांबली. “बाबांनी विचारलं?”

“हो ना. आणि गंमत म्हणजे मावशीचाही सकाळी फोन आला. तिनेही तेच विचारलं. खडक दिसतो का? काय सांगू त्यांना?”

मी चेन दोनदा वरखाली करून पाहिली. ती आधीच नीट चालत होती. इतकी वर्षं ती दोघं रविवारी एका टेबलाशी जेवत होती, एकमेकांना भाजी वाढत होती, आणि आपण एकटेच आठवण ठेवून बसलो आहोत असं दोघांनाही वाटत होतं. आणि हे सगळं माहीत असलेली जगात मी एकटी, हातात तंबूची चेन घेऊन.

“सांग, खडक आहे म्हणावं,” मी म्हटलं. “दोरीच्या बराच पलीकडे आहे. तिथे कुणी जात नाही.”

“थांबा, असंच्या असं लिहितो,” तो म्हणाला आणि मोबाइलवर टाइप करायला लागला. मावशीचा भाचा शोभत होता. “वेगवेगळं कशाला पाठवायचं? घरच्या ग्रुपवरच टाकतो.”

मी थांब म्हणेपर्यंत गेलंही होतं. तो मोबाइल काउंटरवर ठेवून चेन बघायला लागला. मी चेन सोडून मोबाइलकडे बघत होते. मिनिटभरात पडदा उजळला. मावशीचा अंगठा आला. त्याच्यामागोमाग बाबांचा अंगठा आला. मी श्वास सोडला.

मग तिसरा उजेड आला. आईने विचारलं होतं, कुठला खडक?